पंचांगातला समुद्र

डिसेंबर उजाडला की शुक्रवार पेठेतल्या एखाद्या वाड्यासमोर रात्री नऊच्या सुमारास गाडी उभी राहते. टपावर पिशव्या चढतात. शेंगाचटणीचा डबा, कडक भाकरीची चळत, दशम्या, पाण्याचे कॅन असा सगळा सरंजाम आत जातो. मुले खिडकीच्या जागेवरून भांडत असतात. गाडी निघायच्या आधी घरातली एखादी आजी हमखास विचारते, ‘‘अरे, आज अमावास्या तर नाही ना?’’ कोणीतरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत डोकावते, ‘‘नाही हो आजी, सप्तमी आहे,’’ म्हणून सांगते. आजीचे समाधान होते, नारळ फुटतो आणि गाडी अलिबाग-मुरूडच्या वाटेला लागते.

या प्रसंगात मला नेहमी एक गोष्ट खटकते. तिथी विचारली, हे उत्तम झाले. मात्र ती ज्या कामासाठी विचारायला हवी होती त्या कामासाठी विचारलीच नाही. सप्तमी शुभ की अशुभ, हे तिथी सांगू शकत नाही. समुद्र उद्या किती वाजता वाळू गिळत वर येईल, हे मात्र ती बऱ्यापैकी सांगू शकते. कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपल्याला ते ठाऊक नाही, आणि या अज्ञानाची किंमत अधूनमधून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून येते.

सोलापूर समुद्रापासून लांब आहे, तेव्हा भरती-ओहोटीशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण आपले गाव पंचांगाचे गाव आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेले दाते पंचांग याच सोलापुरातून निघते. ज्या शहरातून सगळा महाराष्ट्र तिथी घेतो, त्या शहरातल्या मुलांना तिथीवरून भरतीची वेळ काढता येऊ नये, यासारखा विरोधाभास नाही.

आणखी एक नाते तर आपल्या डोळ्यांसमोर रोज टांगलेले असते. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. सोलापूरची उंची साडेचारशे मीटरांच्या वर आहे. पण समुद्र तर कधीच एका जागी स्थिर नसतो. दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. मग ‘समुद्रसपाटी’ ठरवली कोणी आणि कशी? तर किनाऱ्यावरच्या बंदरांत वर्षानुवर्षे भरती-ओहोटीच्या नोंदी घेऊन, त्यांची सरासरी काढून. १९०९ साली आपल्या देशाच्या उंचीमापनाचा जो पाया निश्चित झाला, तो नऊ बंदरांतल्या अशा नोंदींवर आधारलेला होता. मुंबईचे अपोलो बंदर आणि कारवार ही त्यांतलीच दोन. थोडक्यात, सोलापूरच्या फलकावरच्या त्या आकड्यातही भरती-ओहोटीचाच हिशेब दडलेला आहे.

आता मूळ हिशेबाकडे येऊ. तो इतका सोपा आहे की चौथीच्या मुलालाही जमावा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल, त्या वाजण्याच्या सुमारास मुंबई आणि उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. हे पहाटेचे किंवा सकाळचे तीन, सहा, नऊ आणि दुपारचे किंवा रात्रीचेही तीन, सहा, नऊ. कारण भरती दिवसातून दोनदा येते. भरतीच्या वेळेत सहा तास मिळवले की ओहोटी पूर्ण होण्याची, म्हणजे कोकणातल्या भाषेत सुकतीची वेळ मिळते. आपल्याला जवळचे उदाहरण घ्यायचे तर आषाढी एकादशीचे घ्या. चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णवांचा मेळा जमलेला असतो, तेव्हा तिकडे मुंबईच्या किनाऱ्यावर सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास समुद्र भरलेला असतो.

हा हिशेब जमतो याचे कारण तिथी ही कल्पना मुळात आकाशातल्या भूमितीची आहे. आकाशात चंद्र सूर्यापासून जितका दूर सरकतो, त्यातले दर बारा अंश म्हणजे एक तिथी. समुद्राला ओढणारे दोघे, चंद्र आणि सूर्य. त्या दोघांमधला कोन मोजणारे माप म्हणजे तिथी. इंग्रजी तारखेला या कोनाचा पत्ताच नसतो. म्हणून पंधरा तारखेला भरती कधी, याचे उत्तर तारखेत नाही. पंचमीला भरती कधी, याचे उत्तर मात्र पंचमीत आहे.

चंद्रामुळे भरती येते, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यापुढचा प्रश्न बहुतेक वर्गांत विचारलाच जात नाही. चंद्र पाणी आपल्याकडे ओढत असेल, तर चंद्राच्या बाजूला भरती यावी. पृथ्वीच्या पाठीमागच्या, उलट्या बाजूला का येते? दिवसात एकच भरती यायला हवी, दोन का?

याचे उत्तर आपल्याकडच्या माणसाला दिंडीवरून चटकन कळेल. तिघे वारकरी एकामागे एक चालले आहेत अशी कल्पना करा. पुढचा सर्वांत झपाझप चालतो, मधला बेताने, शेवटचा सर्वांत सावकाश. तिघेही पंढरपूरकडेच निघालेले आहेत, कोणी उलटा फिरलेला नाही. तरी मधल्याला काय दिसेल? पुढचा आपल्यापासून लांब चालला आहे, आणि मागचाही आपल्यापासून लांब पडतो आहे. चंद्राच्या ओढीचे हेच होते. चंद्राकडच्या बाजूचे पाणी त्याला जवळ, म्हणून त्याच्यावर ओढ जास्त. पृथ्वीच्या गोळ्यावर ओढ मध्यम. पलीकडच्या बाजूचे पाणी सर्वांत लांब, म्हणून त्याच्यावर ओढ सर्वांत कमी. परिणामी पृथ्वीच्या मानाने एका बाजूचे पाणी पुढे जाते आणि दुसऱ्या बाजूचे मागे राहते. दोन्हीकडे फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो, म्हणून भरत्या दोन.

भरतीचा जीव ओढीत नसून ओढीतल्या या फरकात आहे, हे एकदा लक्षात आले की पुष्कळ कोडी सुटतात. सूर्याची पृथ्वीवरची एकूण ओढ चंद्राच्या पावणेदोनशे पटींहूनही अधिक आहे. तरी भरती आणण्यात त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. कारण तो इतका लांब आहे की पृथ्वीच्या या टोकाला आणि त्या टोकाला त्याच्या ओढीत फारसा फरक पडत नाही. सिद्धेश्वर तलावात भरती का येत नाही, याचेही उत्तर हेच. तलावाच्या या काठापासून त्या काठापर्यंत चंद्राच्या ओढीत फरक पडायला जागाच नाही. गंमत म्हणजे जमीन मात्र यातून सुटत नाही. आपल्या पायाखालची पृथ्वीची घन पाठही चंद्र-सूर्याच्या ओढीने दिवसातून दोनदा वरखाली होते, जास्तीत जास्त सुमारे फूटभर. शुक्रवार पेठेतला वाडा, त्याचा ओटा आणि ओट्यापुढची रांगोळी हे सारेच एकत्र उचलले जाते आणि एकत्र खाली येते, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

पृथ्वी एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्रही पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला सरासरी ५० मिनिटे जादा लागतात. म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, आणि एका दिवसातल्या दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर राहते. पाऊणपटीच्या हिशेबातला पाऊण तास आला तो इथून. तो नेमका नाही, तोंडी हिशेबाला सोयीचा आहे. प्रत्यक्ष वेळ पाऊण-एक तास मागेपुढे होऊ शकते, हे हिशेब करणाऱ्याने कायम ध्यानात ठेवले पाहिजे.

अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत येतात, दोघांचे बळ एकवटते आणि समुद्र जास्त चढतो व जास्त उतरतो. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघे एकमेकांशी काटकोनात असतात, एकाची ओढ दुसऱ्याची मोडते आणि भरती-ओहोटीतला फरक कमी होतो. हा भांग. आपल्या किनाऱ्यावर उधाणाचा सर्वांत मोठा जोर नेमका पौर्णिमेला न येता त्यानंतर एक-दोन दिवसांनी दिसतो, कारण एवढ्या अफाट पाण्याला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो.

खरा समुद्र पुस्तकातल्या चित्राप्रमाणे पृथ्वीभोवती सरळ फिरत नाही. मध्ये खंड आडवे येतात, तळ कुठे उथळ कुठे खोल असतो. म्हणून प्रत्येक बंदराची वेळ निराळी आणि चढही निराळा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे तसतशी भरती मोठी होत जाते. कोचीला चढ-उतार जेमतेम मीटरभर, गोव्याला उधाणात दोनेक मीटर, मुंबईला चार मीटरांच्या पुढे, आणि खंभातच्या आखातात भावनगरच्या बाजूला दहा मीटरांच्याही वर. मुंबईपुढचा समुद्रतळ दूरवर उथळ आहे आणि खंभातचे आखात नरसाळ्यासारखे निमुळते होत जाते, त्याचा हा परिणाम. गोव्याची भरती मुंबईच्या आधी पूर्ण होते. पूर्व किनाऱ्यावर तर पाऊणपटीचा हिशेब लागूच पडत नाही. पुरीला गेलेल्या सोलापूरकराने तो वापरू नये.

समुद्राकाठी न वाढलेल्या माणसाची समुद्राने फजिती करावी, यात नवे काहीच नाही. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये सिकंदराचे आरमार सिंधू नदीच्या मुखाशी पोहोचले. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळपास जाणवतच नाही, त्यामुळे त्या सैनिकांना हा प्रकार ठाऊकच नव्हता. ओहोटी लागली आणि जहाजे चिखलात रुतून बसली. पाणी परत आले तेव्हा काही आपटून मोडली. इसवी सनापूर्वी ५५ मध्ये ज्युलियस सीझर ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा पौर्णिमेच्या उधाणाने त्याच्या जहाजांची तशीच दुर्दशा केली. गॅलिलिओसारख्या प्रज्ञावंतानेही १६३२ साली भरतीचे कारण पृथ्वीच्या गतीत शोधले आणि चंद्राचा संबंध थट्टेवारी नेला. १६८७ साली न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा कुठे या कोड्याची शास्त्रीय उकल झाली. तेव्हा सोलापूरकराला भरतीचे गणित ठाऊक नसेल, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. समोर असून ते शिकून न घेणे, हे मात्र लाजिरवाणे आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, त्या गोष्टीकडे येतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. भर दुपारची वेळ होती. जन्मभर नदी-तलाव पाहिलेली, समुद्राची अपूर्वाई असलेली मुले पाण्यात खेळत होती. त्या मुलांचे आईबाप आपल्यासारखेच घाटावरचे. त्यांनीही दशम्या बांधून दिल्या असतील, पोहोचल्यावर फोन कर म्हणून बजावले असेल.

पुढे एकदा सहज म्हणून त्या दिवसाची तिथी काढून पाहिली. ती निघाली पौष कृष्ण अष्टमी. अमावास्या नव्हे, पौर्णिमा नव्हे. ज्या दिवशी समुद्र सर्वांत मवाळ असतो असे आपण समजतो, तो भांगाचा दिवस! माझ्या मनात तोवर एक ठाम समजूत होती, आणि अनेकांच्या मनात ती असते, की समुद्र धोक्याचा तो पौर्णिमा-अमावास्येला; एरवी पाण्यात उतरायला हरकत नाही. त्या एका तिथीने ही समजूत पुसून टाकली.

हिशेब पुढे नेऊन पाहा. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण व्हायची, आणि पूर्ण ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. बारानंतर पाणी चढायला लागलेले असणार. पाणी चढते तेही एकसारख्या चालीने नाही. नावाडी लोकांचा एक आडाखा आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मे पाणी येते. बारा वाजता किनारा लांबवर उघडा पडलेला, मऊ वाळू पसरलेली, पाणी घोट्याएवढे. दोन ते चारच्या दरम्यान तेच पाणी सर्वांत वेगाने वाढत असते. जेवण उरकून सहलीतली मुले पाण्यात उतरतात तीही नेमकी याच वेळी.

त्या दिवशी नेमके काय झाले, ते या गणितातून सिद्ध होत नाही. एखाद्या अपघातामागे अनेक कारणे असतात, आणि मी न्यायासनावर बसलेलो नाही. पण दोन गोष्टी या गणितातून निर्विवाद निघतात. एक, भांगाची तिथी म्हणजे सुरक्षित तिथी नव्हे. चढ कमी असला तरी पाणी चढतेच; उताराच्या मानाने मीटरभर उंचीमागे पन्नास मीटर आडवे पसरणारे सपाट किनारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि अशा ठिकाणी मागे वळून पाहावे तो काठ दूर गेलेला असतो. दुसरी, सहलीच्या वेळापत्रकात नाश्ता किती वाजता, किल्ला किती वाजता, जेवण कुठे हे सारे लिहिलेले असते. समुद्र किती वाजता, हे कुठेच लिहिलेले नसते.

ओहोटीचाही भरवसा धरू नये. उतरणारे पाणी माणसाला आत ओढते, विशेषतः खाडीच्या तोंडाशी आणि खडकांच्या फटींतून. लाटा फुटून किनाऱ्यावर आलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्रात परतत असते. या परतीच्या प्रवाहात सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारत राहतो, आणि पोहता येत असूनही दमून बुडतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर आडवे पोहून प्रवाहाबाहेर पडावे, मग काठाकडे वळावे. हे सोपे सूत्र आपल्या मुलांना कोणी सांगितलेले नसते. सिद्धेश्वर तलावाचा किंवा चंद्रभागेचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. विहिरीत सूर मारणारा पट्टीचा पोहणारा समुद्रात नवशिकाच असतो.

यावर दोन आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे. पहिला असा, की आता भरतीच्या वेळा मोबाईलवर मिळतात, मग ही जुनी पाऊणकी कशाला? वेळा मिळतात हे खरे, आणि त्याच पाहाव्यात असेच मी सांगेन. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो. अपोलो बंदरात १८७८ पासून समुद्राची पातळी नोंदली जात आहे. हिंदुस्थानातल्या बंदरांचे तक्ते आगाऊ काढता यावेत म्हणून १८७९ साली खास एक यंत्र बनवले गेले होते. इतक्या पिढ्यांच्या श्रमांतून आलेला आकडा तोंडी हिशेबापेक्षा केव्हाही अचूक. पण आकडा हातात असणे वेगळे आणि तो पाहण्याची बुद्धी होणे वेगळे. ज्याला भरतीला वेळ असते हेच ठाऊक नाही, तो मोबाईल उघडून काय शोधणार? पाऊणकी शिकलेला मुलगा निदान विचारेल तरी, ‘‘सर, आज पाणी किती वाजता चढणार?’’ हा एक प्रश्न सहलीतल्या कोणाच्या तरी तोंडी असणे, हेच मला हवे आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. तिथीचे नाव काढले की काहींना त्यात अंधश्रद्धा दिसते. माझे म्हणणे अगदी विरुद्ध आहे. तिथीला तिच्या खऱ्या कामावर लावले, तर अंधश्रद्धा आपोआप मागे पडेल. अमावास्येला प्रवासाला निघू नये म्हणणाऱ्या आजीला नातवाने सांगावे, ‘‘आजी, अमावास्येला निघायला हरकत नाही. फक्त उधाण असेल, दुपारी बाराच्या सुमारास पाणी खूप वर येईल, तेव्हा आपण लांब बसू.’’ यात आजीचा मान राहतो, पंचांगाचाही राहतो आणि शहाणपणाचाही.

अपघात झाला की चार दिवस हळहळ होते, सहलींवर निर्बंध येतात, परिपत्रके निघतात आणि हळूहळू सारे विस्मरणात जाते. मुलांना समुद्र दाखवूच नये, हा काही उपाय नाही. पठारावर वाढलेल्या मुलाने पहिल्यांदा समुद्र पाहताना त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते त्याच्यापासून हिरावून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जाता येते, आणि भरतीला त्याच वाटेवर होडी लागते. मुंबईत हाजी अलीची वाट पाण्याखाली जाते आणि पुन्हा वर येते. निसर्गाचे घड्याळ इतके स्पष्ट दाखवणारी शाळा दुसरी कुठे मिळणार?

उपाय साधे आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. शाळा-महाविद्यालयांनी पालकांची संमती घेण्यासाठी जे पत्र पाठवतात, त्यात तारखेशेजारी त्या दिवसाची तिथी आणि त्या किनाऱ्याची भरती-ओहोटीची वेळ लिहावी. लिहिलेली नसेल तर पालकांनी सही करण्याआधी विचारावी. भूगोलाच्या शिक्षकांनी मुलांकडून महिनाभर रोजच्या तिथीवरून भरतीची वेळ काढून घ्यावी, आणि शेवटी ती मुंबईच्या तक्त्याशी ताडून पाहायला लावावी. चूक किती येते आणि का येते, याचा शोध घेताना मुले जे शिकतील, ते घोकून येणार नाही. किनाऱ्यावर पोहोचल्यावर पाण्यात उतरण्याआधी तिथल्या एखाद्या कोळ्याला किंवा नारळपाणी विकणाऱ्या बाईंना विचारावे, ‘‘मावशी, इथे पाणी कुठवर येते? कुठे उतरायचे नाही?’’ त्यांनी नको म्हटले, तर शहरी शहाणपण न दाखवता मागे फिरावे.

आणि घरच्यांनी एवढेच करावे, की गाडी निघण्याआधी पंचांग जरूर पाहावे. आजीने तिथी विचारावी. सप्तमी असेल तर नातवाने बोटांवर पाऊणपट करावी. सात पाऊणे सव्वापाच. म्हणजे सव्वापाचला भरती, सकाळी अकराच्या पुढे ओहोटी संपून पाणी चढायला लागणार, दुपारी एक ते तीनच्या सुमारास ते सर्वांत वेगाने वाढणार. तेव्हा उद्या दुपारी आपण पाण्यात नाही, वाळूवर. गाडी सुटता सुटता एवढे ठरले, तर नारळ फोडल्याचे सार्थक झाले म्हणायचे.